महागड्या फोनची रास्त किंमत ठरवायची कशावरून?

ध्वनिपेटी

नमस्कार मंडळी,

माझा फोन साडेसहा वर्षांचा झाला. काच शाबूत आहे, आवाज स्वच्छ येतो, बॅटरी आतापर्यंत दोनदा बदलली. कॅमेऱ्याच्या कडेला एक ओरखडा आहे, पण तो चित्रात उतरत नाही. गेल्या आठवड्यात बँकेचं ॲप उघडलं, तर या फोनवर ते यापुढे चालणार नाही असा निरोप आला. फोन बिघडलेला नाही. कंपनीने त्याला सुरक्षा अपडेट देणं थांबवलंय, एवढंच. धडधाकट वस्तू अशी बाद झाली याचं मला मनापासून वाईट वाटलं. आता पुन्हा तेवढेच किंवा त्याहून जास्त पैसे घालायचे आहेत, म्हणून हा प्रश्न.

आधी माझी गरज सांगते, नाहीतर "मग स्वस्तातला घ्या की" असं कुणीतरी म्हणेलच. मी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवते. बोलणं, हातवारे, जुने फोटो दाखवताना चेहऱ्यावर येणारे भाव, सगळंच. समोर तिपाईवर मोठा कॅमेरा मांडला की माणूस आखडतो. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला की दहा मिनिटांत त्याला फोनचा विसर पडतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडातही चेहरा नीट यायला हवा, म्हणून मला वरच्या दर्जाचाच फोन लागतो. ४के चित्रण मिनिटाला साधारण १७० एमबी खातं, म्हणजे तासाभराची एक बैठक दहा जीबीची.

आता किमती. देशोदेशीचे कर वेगळे, त्यामुळे तुलनेसाठी अमेरिकेतल्या करापूर्वीच्या किमतीच धरते. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तो ४ जीबीचा ४९९ डॉलरला आणि ८ जीबीचा ५९९ ला. २०१७ मध्ये आयफोन टेनने ९९९ चा आकडा आणला. २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगचा गॅलक्सी एस२४ अल्ट्रा १२९९ पासून सुरू झाला. महागाई धरली तर २००७ चे ५९९ म्हणजे आजचे सुमारे ९००, हे मला मान्य आहे. पण नऊशेच्या पुढचं जे आहे ते कशाचं? सुट्या भागांचं, संशोधनाचं, की "लोक देतात म्हणून घेतो" याचं?

परवडत असेल तर घ्या, हे उत्तर मला नको आहे. एखादी किंमत रास्त आहे असं तुम्ही कशावरून म्हणता, ते सांगा.

तांब्याची_तार

मी फोन बनवत नाही, पण इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खर्चाचे तक्ते बनवण्यात माझी पंधरा वर्षं गेली. म्हणून पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो.

दरवर्षी नवा फोन उघडून कुणीतरी सुट्या भागांची बेरीज मांडतं आणि लोक ती विक्रीच्या किमतीतून वजा करून "बघा, केवढा नफा!" म्हणतात. त्या बेरजेत सॉफ्टवेअर लिहिणारे नसतात, साचे नसतात, चाचणीत फोडलेले हजारो नमुने नसतात, वॉरंटीत परत येणारे फोन नसतात, दुसऱ्यांची पेटंटं वापरण्याचं परवाना शुल्क नसतं. परवाना शुल्काचंच उदाहरण घ्या. क्वालकॉम या चिप कंपनीचा जाहीर दर ५जी फोनसाठी किमतीच्या ३.२५ टक्के आहे, फक्त हिशेबात धरायची किंमत जास्तीत जास्त ४०० डॉलर. म्हणजे एका फोनमागे १३ डॉलरपर्यंत एकाच कंपनीला, आणि पेटंटवाले अनेक आहेत.

चिपचा खर्चही खरा आहे. २०२३ च्या ए१७ प्रो या आयफोनच्या चिपमध्ये १९ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत आणि ती टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या ३ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनते. तिला लागणारी ईयूव्ही यंत्रं (अतिनील प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवणारी) जगात एकटी एएसएमएल ही डच कंपनी बनवते. तिथे घासाघीस करायला फारसा वाव नसतो.

पण म्हणून अख्खी किंमत खर्चानेच ठरते, असंही नाही. ॲपलचा २०२४ च्या आर्थिक वर्षाचा ताळेबंद सगळ्यांना पाहता येतो. एकूण विक्री ३९१ अब्ज डॉलर, त्यात आयफोन २०१ अब्ज. वस्तूंच्या विक्रीवरचा ढोबळ नफा (फक्त बनवण्याचा खर्च वजा जाता उरलेला) ३७.२ टक्के. संशोधनावर ३१.४ अब्ज, म्हणजे विक्रीच्या आठेक टक्के. विक्री आणि प्रशासनावर आणखी सातेक टक्के. हे सगळ्या वस्तूंचं सरासरी गणित आहे, एका फोनचं नाही. तरीही अंदाज येतो: हजारातले साडेतीनशेच्या वर ढोबळ नफा, आणि त्यातून संशोधन नि विक्रीखर्चाचे दीडशे गेले तरी दोनशेच्या वर उरतात.

दोनशे जास्त आहेत का? सुरुवातीच्या मॉडेलपुरतं मी नाही म्हणेन. इतकी गुंतागुंतीची वस्तू इतक्या बिनचूकपणे बनवून देणाऱ्याने तेवढं मिळवावं. माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे: साठवण. आयफोन १५ प्रो १२८ जीबीला ९९९, २५६ ला १०९९, ५१२ ला १२९९, १ टीबीला १४९९. खालून वर जाताना ५०० डॉलर जादा. त्याच वर्षी संगणकात बसवायची १ टीबीची चांगली एसएसडी, दुकानदाराच्या नफ्यासकट, शंभराच्या आत मिळत होती. फोनमधल्या चिपची बांधणी वेगळी असते, बोर्डावर जागा कमी असते, सगळं मान्य. पण पाचपट होईल असं त्यात काही नाही.

आणि ध्वनिपेटीताई, हा भार नेमका तुमच्यासारख्यांवर पडतो. फोन दिखाव्यासाठी घेणारा १२८ वर भागवतो. कामासाठी घेणाऱ्याला वरची पायरी चढावीच लागते. मेमरी कार्डाची खाच होती तोवर यातून सुटका होती. सॅमसंगने २०२१ च्या गॅलक्सी एस२१ पासून आपल्या प्रमुख मालिकेतून ती काढली. आयफोनला ती कधी नव्हतीच.

सरळहिशेब

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. विकणाऱ्याच्या खर्चावरून रास्तपणा काढायला गेलं की आपण दुसऱ्याच्या वहीत डोकावत बसतो. कंपनीने फोन अकुशलपणे, जास्त खर्चात बनवला तर तो जास्त किमतीला रास्त होईल का? नाही ना.

किंमत फार झाली की ती खाली येतेच. पहिला आयफोन जून २००७ च्या अखेरीस विक्रीला आला आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ८ जीबीचा ५९९ वरून ३९९ वर आणावा लागला. आधी घेतलेले इतके चिडले की त्यांना ॲपलच्या दुकानात वापरायचं १०० डॉलरचं कूपन द्यावं लागलं. त्या दोन-अडीच महिन्यांत फोनमधला एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. २०१३ चा गूगलचा नेक्सस ५, त्या वेळची वरच्या दर्जाची चिप, किंमत ३४९. पुढच्या वर्षी वनप्लस वन २९९ ला. म्हणजे कमी किमतीत उत्तम फोन देता येतो, फक्त देणाऱ्याला तशी गरज वाटली पाहिजे. तेव्हा वाट पाहा, गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या. तुमच्या हातातलं खरं हत्यार तेच आहे.

ध्वनिपेटी

@तांब्याची_तार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. साठवणीबद्दल तुम्ही म्हणालात ते मी भोगलंय. माझा आधीचा फोन १२८ चा होता. एका आजोबांची तिसरी बैठक चालू असताना जागा संपली आणि चित्रण आपोआप थांबलं. मला कळलं ते त्यांचं बोलणं संपल्यावर. तो भाग त्यांनी पुन्हा सांगितला, पण पहिल्यांदा सांगताना ते मध्येच थांबले होते, तसं थांबणं दुसऱ्यांदा आलं नाही. शंभर डॉलर वाचवले होते मी तेव्हा.

@सरळहिशेब, नेक्सस ५ वरून मला मात्र वेगळंच दिसलं. त्याला सुरक्षा अपडेट २०१६ पर्यंत मिळाली, म्हणजे तीन वर्षं. ३४९ भागिले ३, वर्षाला ११६ डॉलर. २०१५ चा आयफोन ६एस ६४९ पासून होता, पण आयओएसच्या, म्हणजे आयफोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, नव्या आवृत्त्या त्याला २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत मिळाल्या आणि ती २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत चालू आवृत्ती होती. सात वर्षं. ६४९ भागिले ७ म्हणजे ९३. सुरुवातीचा १६ जीबीचा फोन अगदीच अपुरा होता म्हणून ६४ जीबीचा ७४९ वाला धरला, तरी १०७. म्हणजे दिसायला निम्म्या किमतीचा फोन वर्षाच्या हिशेबात महाग पडला!

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर भागाकारात आहे का?

स्क्रूड्रायव्हर

आहे, पण भाजक कोण ठरवतं ते आधी बघा.

माझा धंदा फोन दुरुस्तीचा. टेबलावर रोज जे फोन येतात त्यांतले निम्म्याहून जास्त बॅटरी किंवा काच या दोनच कारणांनी येतात. आत बाकी सगळं ठणठणीत असतं. फोन मरत नाही, त्याला जगवणं महाग करून ठेवलेलं असतं. दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस गप्प होतो, फोन खिशात घालतो आणि "नवाच बघतो" म्हणून निघून जातो. तो माझं गिऱ्हाईक होता म्हणून मी हे बोलत नाही. त्याच्या हातातला फोन अजून चार वर्षं चालला असता, हे मला दिसत असतं.

याचा मोठा पुरावा सगळ्यांसमोर घडलेला आहे. २०१७ च्या अखेरीस ॲपलने मान्य केलं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग ते मुद्दाम कमी करत होते, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोक खवळले, तेव्हा २०१८ भर बॅटरी बदलायचा दर ७९ वरून २९ डॉलर केला. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला. त्यात मुख्य कारणं दुसरी होती, चीनमधली मंदी वगैरे, पण स्वस्तात बॅटऱ्या बदलून घेणारे ग्राहक हेही एक कारण नोंदवलेलं होतं. पन्नास डॉलरचा फरक पडला आणि लोकांनी फोन ठेवून दिले. नवा फोन हवाच असतो म्हणून माणूस घेतो असं नाही, हे यावरून मला पटलं.

म्हणून किंमत बघताना मी तीन आकडे एकत्र धरतो. फोनची किंमत, त्यात एक अधिकृत बॅटरी (सात वर्षांत एक तरी लागणारच), आणि एकदा काच. त्यानंतर भागाकार. एका बड्या कंपनीच्या दुमडत्या फोनची आतली स्क्रीन बदलायला जो दर मला सांगितला गेला त्यात नवा चांगला फोन आला असता, नाव घेत नाही. असा फोन हजाराचा म्हणून विकला तरी तो हजाराचा नसतो.

भाग जुळवणीचं दुखणंही लिहून ठेवतो. काही फोनांत एका फोनची अस्सल काच काढून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला लावली तरी फोन ती ओळखायला नकार देतो. काच तीच, कारखाना तोच, तरी पडद्यावर इशारा येतो आणि एखादी सोय बंद होते. मी त्या माणसाला काय समजावू? त्याला वाटतं मीच नकली लावली.

सुधारणा होतेय, तेही सांगायला हवं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनांना नवे नियम लागू झालेत. विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज होऊनही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. इतका मोठा बाजार असा नियम करतो तेव्हा त्याचा फायदा बाहेरच्यांनाही होतो, कारण दोन प्रकारचे फोन बनवणं कंपनीलाच परवडत नाही.

सरळहिशेब

वर्षांचा भागाकार मला पटला, माझं मत तेवढं बदलतो. मग गेल्या वर्षीच्या मॉडेलचा सल्लाही तपासून घ्यायला हवा. काही कंपन्या अपडेटचं सात वर्षांचं वचन देतात, पण ती वर्षं फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. ९९९ चा फोन पहिल्या दिवशी घेतला तर वर्षाला १४३. तोच वर्षभराने ८९९ ला घेतला तर उरलेल्या सहा वर्षांना १५० पडतात, म्हणजे सवलत मिळूनही तोटा. ७९९ ला मिळाला तर १३३. तेव्हा वर्षभर जुन्या फोनवर सातवा हिस्सा सूट ही नुसती बरोबरी झाली, त्याहून जास्त असेल तरच घ्यावा.

मंदप्रकाश

मला जवळचं धूसर दिसतं, लांबचं त्याहून कमी. फोनवरचं भिंगाचं ॲप माझ्या दिवसाचा अर्धा भाग चालवतं. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, लिफ्टमधली बटणं, दारावरची पाटी.

आयफोनच्या भिंगात समोरचं दार ओळखून ते किती अंतरावर आहे, ओढायचं की ढकलायचं, हे सांगणारी सोय २०२२ मध्ये आली. तिला लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) लागतो आणि लायडार फक्त प्रो मॉडेलांत असतो. आयफोन १५ आणि १५ प्रो यांत २०० डॉलरचा फरक होता. दुसऱ्या कुणासाठी ते दोनशे टायटॅनियमच्या कडांचे असतील. माझ्यासाठी ते दाराचे होते. मी दिले, आणि पहिल्यांदा एका अनोळखी इमारतीत कुणाचा हात न धरता आत गेले, तेव्हा मला ते जास्त वाटले नाहीत.

पण जास्त न वाटणं आणि रास्त असणं यात फरक आहे. मला दुसरा पर्याय नव्हता, म्हणून मी कितीही दिले असते. ज्याला पर्याय नाही त्याने आनंदाने दिले, यावरून किंमत बरोबर होती असं ठरवू नका, एवढीच विनंती.

तांब्याची_तार

@मंदप्रकाश, तुमचं शेवटचं वाक्य मी जपून ठेवतोय. आमच्या तक्त्यांत "ग्राहकाची देण्याची तयारी" असा एक रकाना असतो. तो भरताना आम्ही ती तयारी कुठून येते हे कधीच विचारलं नाही.

अजून एक मुद्दा राहिला होता. फोन विकला की कंपनीची कमाई संपते असं नाही. सफारीत, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमध्ये, गूगल हेच मूळ शोधयंत्र राहावं म्हणून गूगलने २०२२ मध्ये ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. ॲप दुकानातल्या विक्रीवर बहुतेक देशांत १५ ते ३० टक्के वाटा वेगळाच. आपण फोन जितकी वर्षं वापरतो तितकी वर्षं हे उत्पन्न चालू राहतं. म्हणून जुन्या फोनला अपडेट देणं म्हणजे कंपनीने पदरमोड करून केलेली सेवा, असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. जुना फोनही कमावत असतो.

ध्वनिपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस वही घेऊन बसले होते, कुठवर आले ते सांगते.

माझ्यापुरती रास्त किंमत मी वर्षावर बांधली. फोन, किमान २५६ जीबी साठवणीसकट, अधिक एक अधिकृत बॅटरी आणि एक काच, हे सगळं मिळून भागिले कंपनीने लेखी दिलेली उरलेली अपडेटची वर्षं. उत्तर १५० च्या आत आलं तर मी देईन. हा आकडा कुठल्या ताळेबंदातून आलेला नाही. वर्षाला साधारण तीस बैठका होतात, एका बैठकीमागे पाच डॉलर. मोठा कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने घ्यायचा तर याच्या कितीतरी पट जातात, म्हणून एवढे देणं मला योग्य वाटलं.

या कसाला १२९९ चा एस२४ अल्ट्रा सात वर्षं धरूनही उतरला नाही, नुसत्या फोनचेच १८६ होतात. गूगलचा पिक्सेल ८ सुरुवातीच्या ६९९ ला, सात वर्षांच्या वचनावर, वर्षाला शंभरच पडत होता, पण तो आता जुना झाला, वर्षं कमी उरली. शेवटी वर्षभर जुनं एक मॉडेल निवडलंय. सरळहिशेब यांच्या सातव्या हिश्शाच्या कसाला ते उतरतं, आणि बॅटरी नि काच धरून १४४ येतात. बॅटरीचा आणि काचेचा दर आधी लेखी मागवला. विक्रेत्याला नवल वाटलं, खरेदीआधी हे कुणी विचारत नाही म्हणाला.

@मंदप्रकाश, तुमचं वाचल्यावर मी वहीतली एक ओळ खोडली. "मला उपयोग आहे म्हणून किंमत योग्य" असं लिहिलं होतं. उपयोग माझा आहे. त्यावरून मी किती द्यावे एवढंच ठरतं, त्यांनी किती मागावे हे नाही.

@स्क्रूड्रायव्हर, जुना फोन टाकून देत नाहीये. त्यातलं सिमकार्ड काढलं, बँकेचं आणि टपालाचं खातं पुसलं, इंटरनेट बंद केलं. त्याचा माइक अजून उत्तम आहे, तेव्हा बैठकीत तो बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून फक्त आवाज घेणार आणि नवा समोरून चित्र. त्याची बॅटरी तिसऱ्यांदा बदलणं योग्य ठरेल का, तेवढं सांगा. सध्या पूर्ण चार्जवर सलग चार तास ध्वनिमुद्रण होतं.

स्क्रूड्रायव्हर

चार तास होत असेल तर आत्ता नको. दोन तासांवर आला की घाला, आणि तोवर तो शंभर टक्के चार्ज करून कपाटात ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. बॅटरी फुगून काच वर उचलल्यासारखी दिसली तर मात्र त्याच दिवशी काढून घ्या.